घरोघरच्या ध्वनिफिती

जयपूर-अत्रौली घराण्याचे आद्य पुरुष अल्लादियाखाँ १९४६ साली मुंबईत पैगंबरवासी झाले. ज्यांच्या गायकीने महाराष्ट्राच्या संगीताला अर्धशतकभर वळण लावले, त्यांचा आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. कारण त्यांच्या गायनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या आधी, १९२२ साली, भास्करबुवा बखले निवर्तले. पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणाऱ्या आणि मास्तर कृष्णरावांसारखे शिष्य घडविणाऱ्या या गायकाचीही तीच कथा. ध्वनिमुद्रणाचे यंत्र तोवर हिंदुस्थानात आले नव्हते, असे मात्र नाही. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरविले, तेव्हा भास्करबुवा तिशीत होते आणि खाँसाहेबांच्या वयाला पन्नाशीही लागली नव्हती. यंत्र होते, गायक होते, श्रोतेही होते. आवाज तेवढा उरला नाही.

इतिहासात अशा रिकाम्या जागा का राहतात, याचे एक कारण त्या तबकडीच्या घडणीतच होते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गायन मावे. ज्या रागाची बढत करावयास तास अपुरा पडतो, तो तीन मिनिटांत सांगावयाचा कसा? कित्येक बुजुर्गांनी या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे पाठ फिरवून दिले. अब्दुल करीमखाँसारख्या काहींनी त्या तीन मिनिटांचेच सोने केले. पण त्यांच्याही तबकड्या ऐकताना, पूर्ण मैफलीत हा राग कसा उलगडत असेल, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात राहतोच. तबकडी आणि मैफल यांच्यातील हे अंतर पुढे ज्या साधनाने भरून काढले, ते साधन म्हणजे चुंबकीय फीत. आणि हे काम कोणा मोठ्या कंपनीपेक्षा घरोघरच्या रसिकांनी अधिक केले, ही या इतिहासातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

चुंबकाच्या साहाय्याने ध्वनी साठविता येतो, हे डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर सिद्ध केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या यंत्रावर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रांझ योसेफ चार शब्द बोलला. ते अजून ऐकता येतात. तारेची जागा फितीने घेतली ती जर्मनीत. फ्रिट्झ फ्लॉयमर हा गृहस्थ सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी बसविण्याच्या उद्योगात होता. कागदावर धातूची भुकटी चिकटविता येते, तर लोहाची का चिकटवू नये, असे त्याच्या मनात आले आणि १९२८ साली त्याने फितीचा हक्क नोंदविला. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनात फितीवर चालणारे ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र लोकांपुढे आले. त्याचा आवाज आरंभी खरखरीत होता. १९४० साली ब्राउनम्यूल आणि वेबर यांनी मुद्रणाच्या प्रवाहात कानाला न ऐकू येणारा अतिउच्च कंपनांचा प्रवाह मिसळण्याची युक्ती काढली आणि फितीचा आवाज एकाएकी निर्मळ झाला. महायुद्ध संपल्यावर हे तंत्र अमेरिकेत गेले आणि तेथून जगभर पसरले.

आपल्याकडे १९५० नंतरच्या काळात मोठ्या चकत्यांची, ज्यांना ‘स्पूल’ म्हणत अशी, टेपयंत्रे काही सधन रसिकांच्या दिवाणखान्यात दिसू लागली. यंत्र जड आणि फीत महाग. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने ती सरके. काटकसर करावयाची तर निम्म्या वेगाने. तरीही एका दमात अर्धा तास, तासभर गायन टिपता येऊ लागले आणि ख्यालाला प्रथमच त्याच्या मापाचे भांडे मिळाले. केसरबाई केरकरांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. त्याच वर्षी बाईंचे निधन झाले. ती तबकडी आंतरतारकीय अवकाशात पोहोचली. परंतु बाई मैफलीत राग कसा मांडीत, त्यांचा दमसास आणि लयीशी चाललेला त्यांचा खेळ कसा असे, याची जी काही कल्पना नंतरच्या पिढीला आली, ती रसिकांनी खासगीत करून ठेवलेल्या मुद्रणांमुळे.

या साधनाला घरोघर पोहोचविले ते कॅसेटने. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील कारखान्यात लू ओटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी ती घडविली. कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा ओटेन्स यांनी आधी करून घेतला आणि यंत्र त्या मापात बसवा, असे सांगितले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आली. तिची फीत रुंदीला ३.८१ मिलिमीटर, म्हणजे स्पूलच्या फितीपेक्षा बरीच अरुंद. आणि तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे स्पूलच्या वेगाचा चौथा हिस्सा. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते, नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १२९ मीटर. पेटी तीच असल्याने अधिक लांब फीत अधिक पातळ करावी लागते. मूळ हेतू पत्रांचा मजकूर सांगून ठेवण्याचा होता. संगीत हा नंतरचा विचार. अरुंद फीत, मंद वेग आणि पातळ थर या तिन्ही उणिवांची किंमत आज मोजावी लागते, हे पुढे दिसेल.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांत नोकरीस गेलेली माणसे परत येताना ‘टू-इन-वन’ आणू लागली. आयातीचे नियमही सैल झाले. बाजारातील कॅसेटचा इतिहास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला आहे. पण घरातल्या कॅसेटचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तो तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या अक्षरांत आहे. आकाशवाणीची अखिल भारतीय संगीत सभा १९५२ साली सुरू झाली; शनिवारी रात्री रेडिओजवळ टेपयंत्र मांडून ती उतरवून घेणे हा कित्येक घरांचा कुळाचार झाला. पुण्यात १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव, गावोगावच्या गायन मंडळांच्या बैठका, गुरूने शिष्याला दिलेली तालीम, देवळातले कीर्तन, असे सारे त्या फितींवर आले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या फितींचे मोल आणखी निराळे. तेथील आजीने म्हटलेली भोंडल्याची गाणी, आरत्या, पाळणे यांत केवळ चाल नसते. त्या गावात राहून मराठीने घेतलेले वळण त्यात असते. छापील पुस्तकात हे वळण सापडावयाचे नाही.

ही संपत्ती आज ज्या स्थितीत आहे ती चिंता करावी अशीच आहे. फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहभस्माचा थर, आणि त्या थराला धरून ठेवणारा चिकट द्रव्याचा लेप. हा लेप हवेतील ओलावा शोषून घेतो व हळूहळू सैल होतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या आत फितीला यंत्राच्या मुद्रकावर दाबून धरणारी एक लहानशी लोकरी गादी असते. तिचा गोंद वाळून ती गळून पडते आणि आवाज दबतो. गुंडाळलेल्या फितीच्या एका थरावरील चुंबकीय ठसा शेजारच्या थरावर उमटतो. म्हणून गायकाने षड्ज लावण्याआधीच त्याची अंधुक चाहूल शांततेत ऐकू येते. यांपैकी बऱ्याच दोषांवर उपाय आहे. ज्याला उपाय नाही तो दोष फितीत नसून बाहेर आहे: फीत वाजविणारी चांगली यंत्रे संपत चालली आहेत. सोनीने आपल्या कॅसेट वॉकमनची जपानमधील विक्री २०१० साली थांबविली. आजही नवी यंत्रे मिळतात, पण ती साध्या घडणीची असतात. खरखर कमी करण्यासाठी १९६८ पासून प्रचारात आलेल्या डॉल्बी पद्धतीने मुद्रित केलेली फीत नीट उलगडण्याची सोय त्यांत सहसा नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि-संग्रहालयाने २०१५ साली इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत ज्या फितींचे रूपांतर होणार नाही त्या बहुतेक गमावल्या असे समजावे. २०१९ साली युनेस्कोनेही अशाच आशयाची जगभर चौकशी आरंभिली. फिती एका ठराविक दिवशी मुक्या होतील, असा या इशाऱ्याचा अर्थ नाही. फीत, तिला वाजविणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर ही तिन्ही एकत्र भेटण्याचा काळ सरत आला, एवढाच त्याचा अर्थ.

रूपांतर करावयाचे ते संगणकात. ध्वनीच्या लाटेची उंची ठराविक अंतराने मोजून तिचे आकडे करावेत, ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली मांडली. ती घरोघर पोहोचण्यास चाळीसहून अधिक वर्षे लागली. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या शिडीवर बसविले जाते. या हिशेबाने दोन वाहिन्यांच्या नव्वद मिनिटांच्या फितीचे सुमारे ९५ कोटी बाइट होतात. १९९० च्या सुमारास घरगुती संगणकात काही कोटी बाइटच मावत. म्हणून ही गोष्ट तेव्हा घरी अशक्य होती. पुढील दहा वर्षांत साठवण स्वस्त झाली. २००० साली ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध झाली आणि जे काम पूर्वी मोठ्या स्टुडिओत होई ते घरातील मेजावर होऊ लागले.

कृती वरवर सोपी आहे: टेपयंत्राच्या निर्गमातून निघालेली तार संगणकाच्या आगमात जोडावयाची, फीत लावावयाची आणि मुद्रण सुरू करावयाचे. पण येथे घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची फीत उतरविण्यास नव्वद मिनिटेच लागतात. ज्याच्याजवळ ५०० फिती आहेत त्याच्यापुढे ७५० तासांचे काम आहे. रोज चार तास दिले तरी सहा महिने. शिवाय प्रत्येक फितीची प्रकृती वेगळी. मुद्रक स्वच्छ करावा लागतो. ज्या यंत्रावर मूळ मुद्रण झाले त्याच्या मुद्रकाचा कोन आणि आताच्या यंत्राचा कोन यांत बारीकसा फरक असला तरी तारस्वरांची झळाळी आणि तंबोऱ्याची जवारी मंदावते. तो कोन स्क्रूने कानाच्या साक्षीने जुळवावा लागतो. आवाजाची पातळी इतकी ठेवावी लागते की गायकाची तान कमाल मर्यादेला टेकणार नाही. कारण फीत थोडी अतिशयोक्ती सोसते, आकडा मुळीच सोसत नाही. मर्यादेपलीकडची लाट तेथे कापली जाते आणि कापलेला भाग परत येत नाही.

वेगाचा प्रश्न त्याहून नाजूक. मुद्रणाच्या वेळी यंत्राची बॅटरी उतरलेली असली तर फीत मंद चालते आणि पुढे योग्य वेगाने वाजविली की सारे गायन चढते. वेगात सुमारे सहा टक्के चूक झाली की काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. त्याच्या आवाजाची जात बदलते, लय वाढते, आणि पुढचा अभ्यासक त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढतो. येथे एक गंमतीचा साक्षीदार कामास येतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रात पार्श्वभूमीला विजेचा मंद गुंजारव उतरलेला असतो. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तेव्हा तो गुंजारव ५२ वर दिसला तर फीत चार टक्के वेगाने धावत आहे, असे अनुमान करता येते. मात्र त्या काळी वीजपुरवठाही नेहमी स्थिर नसे. म्हणून या साक्षीला पेटीच्या किंवा तंबोऱ्याच्या स्वराची जोड द्यावी हे बरे.

याहून मोठा मोह शुद्धीकरणाचा. संगणक खरखर पुसू शकतो, खोकला कापू शकतो, दोन चिजांमधले बोलणे गाळू शकतो. परंतु खरखरीबरोबर तंबोऱ्याचे सूक्ष्म स्वयंभू नादही पुसले जातात. दोन चिजांमध्ये गायक तबलजीला काय म्हणाला, कोणत्या जागेला दाद मिळाली, बैठकीत किती माणसे असावीत, हे सारे त्या ‘मळा’तच असते. ज्याला आज कचरा म्हणतात तो उद्याच्या इतिहासकाराचा पुरावा ठरू शकतो. म्हणून जाणत्या संग्राहकांचा दंडक असा की, पहिली प्रत जशीच्या तशी, काहीही न कापता घ्यावी. ऐकण्यासाठी हवी तर दुसरी प्रत करून तिच्यावर संस्कार करावेत. १९६९ साली स्थापन झालेल्या ध्वनि-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सल्लाही हाच आहे. शिवाय सेकंदाला निदान ४८,००० मापे आणि २४ बिटांची खोली ठेवावी, असे ती सांगते. एमपी-३ ही पद्धत कानाला सहसा जाणवणार नाहीत असे तपशील गाळून आकार लहान करते. ती पाठविण्यास सोयीची आहे. जपण्यास नव्हे, कारण गाळलेले पुन्हा भरता येत नाही.

संगणकात गेले म्हणजे अमर झाले, हा समजही टिकणारा नाही. चकती एके दिवशी कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते. जुनी फीत निदान म्हातारी होताना कुरकुरते. आकड्यांची साठवण ठणठणीत असते आणि क्षणात नाहीशी होते. यावरचा उपाय मात्र आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वेदपठणाच्या परंपरेने पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे एकाच संहितेचे अनेक पाठ सिद्ध केले. एकात चूक शिरली तर दुसऱ्यावरून ती पकडता यावी अशी ती योजना ठरली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तिच्या हस्तलिखितांत पाठभेद माजले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये, असेही बजावले. संगणकाच्या प्रतीलाही नियम हाच: निदान तीन प्रती कराव्यात, त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, मधूनमधून ताडून पाहाव्यात आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. जतन ही एकदा करून मोकळे होण्याची गोष्ट नव्हे. ती पिढीने पिढीकडे सोपवावयाची सेवा आहे.

हक्काचा विचारही टाळता येत नाही. मैफलीतले गाणे ज्याच्या घरी टिपले त्याच्या मालकीची फीत असेल, गाणे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलावंताचे हक्क स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. खासगी उपयोगासाठी केलेल्या मुद्रणाला त्यात सूट आहे. पण खासगी फीत जगजाहीर करणे ही निराळी बाब होय. एखाद्या गायकाने यंत्र बंद ठेवण्यास सांगितले असताना लपून केलेले मुद्रण असेल, तर कायद्यापलीकडचाही प्रश्न उभा राहतो. येथे संस्थांचे साहाय्य मोलाचे ठरते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ साली स्थापन केलेले व आज गुरुग्राम येथे असलेले संगीत-संग्रहालय अशी मुद्रणे अभ्यासासाठी सांभाळते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतील काही हजार बर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या संस्थेने गाणाऱ्या स्त्रियांच्या व त्यांच्या गावांच्या नावांसह त्या लोकांपुढे ठेवल्या. नाव ठेवणे हे येथे अत्यंत महत्त्वाचे. ज्या बाईचे नाव कोणत्याही कागदावर आले नसते, तिची ओवी तिच्या नावाने ऐकू येते.

आणि नाव हाच या सगळ्या खटाटोपातील सर्वांत नाशवंत भाग आहे. लोहभस्माचा थर पन्नास वर्षे तग धरतो. पेन्सिलीची अक्षरे पुसट झाली तरी वाचता येतात. पण ‘मालकंस, नानांकडे, दसरा’ एवढेच लिहिलेल्या फितीवरचे नाना कोण, गाव कोणते, वर्ष कोणते आणि मागे पेटी धरणारा कोण, हे सांगू शकणारे माणूस घरात बहुधा एकच उरलेले असते, आणि त्याने ऐंशी ओलांडलेली असते. संगणक आवाज टिपील, वेग सुधारील, प्रती करील. तो आवाज कोणाचा हे तो सांगू शकणार नाही. म्हणून या कामाला बसणाऱ्याने यंत्राची तार जोडण्याआधी त्या वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे: गाणारा, साथीदार, राग, स्थळ, तिथी, जे आठवेल ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. फीत आणखी एक पावसाळा कदाचित थांबेल. त्या माणसाच्या स्मरणाचे तसे सांगता येत नाही.